कोरडे आठवडे

पळून आल्यावर आमच्या धावपटूंच्या कॅम्पात कोच चेमवेनो प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतो. "किती?"

एक म्हणजे झोपेत चालल्यासारखं, दहा म्हणजे आता मेले. जेवढं जड गेलं तेवढा आकडा सांगायचा. ही पद्धत आमच्या परदेशी मॅनेजरने पाठवलेली. त्याचं म्हणणं, घड्याळ फक्त वेग सांगतं. तो वेग अंगाला किती महाग पडला हे पळणारीलाच विचारावं लागतं. माणूस शहाणा असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याने हा प्रश्न आमच्या या इतेन गावात विचारायला लावला आणि तिथेच फसला. इथे उत्तर एकच असतं. चार.

चढ असो, उतार असो, अंगात ताप असो, पाळी असो, चार. या पठारावर मुलगा मोठा होतो त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर चिखल थापून वाळवतात, आणि सुंतेची सुरी लागताना त्या चिखलाला चीर गेली तर तो भित्रा ठरतो, जन्मभरासाठी. आम्ही मुली ते लांबून ऐकत वाढलो आणि न शिकवता शिकलो. दुखतंय हे ज्याच्या तोंडावर दिसलं तो संपला. मी स्वतः दहा-अकरा वर्षं चार म्हणत आले. एकदा घोटा मुरगळला होता, बूट काढताना डोळ्यांत पाणी आलं, तरी चारच म्हणाले. कोच म्हणाला, "शाब्बास, सलिना."

आणि माझ्या बहिणीच्या पोरीने, जेरोतिचने, त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "नऊ."

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग चेलागत फिसकन हसली. चेलागत म्हणजे कोचची लाडकी, आणि यंदाच्या तिकिटावर जेरोतिचएवढाच तिचाही डोळा. "नऊ म्हणे! अगं, बाळंत होताना काय सांगशील मग? चाळीस?"

सगळ्या हसल्या. कोच हसला नाही. पिकअपच्या बॉनेटला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "मागच्या महिन्यात याच रस्त्यावर, याच वेगाला तू किती म्हणाली होतीस?"

"पाच."

"आणि आज नऊ. रस्ता लांबला का?"

"नाही, कोच."

"चढ वाढला?"

"नाही."

"मग काय वाढलं? नखरा! अंगात पाणीच नाही तुझ्या." त्याने आम्हा सगळ्यांकडे बघत पुढचं सुनावलं. "येत्या नाही, पुढच्या शनिवारी आपण दरीतून वर पळणार. युरोपातल्या मॅरेथॉनचं बाईचं तिकीट एकच आहे, ते त्या दिवशी ठरेल. आणि तू, जेरोतिच, वर पोचून पुन्हा नऊ म्हणालीस तर पिशवी भरायची आणि घर गाठायचं."

घर गाठायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, तिलाही होतं. तांबाच गावात एक विधुर तिच्यासाठी तयारच बसला होता. दोन मुलं, मक्याचं शेत, आणि दात पडायला लागलेली आई. माझ्या मेव्हण्याने त्याला शब्दच दिल्यासारखं होतं. पोरगी पळतेय तोवर थांबा, एवढंच म्हणाला होता. जेरोतिच नुकती एकवीस पुरी झालेली. पळणं सुटलं की तिचं सगळं सुटलं.

म्हणून मला कोचचा राग आला नाही. तिचा आला. संध्याकाळी ती दगडावर कपडे आपटत होती, तिथे जाऊन उभी राहिले.

"चार म्हणायला काय तोंडाला फोड आला होता?"

"चार नव्हतं ना, मावशी."

"इथे कुणाचंच नसतं! तुला काय वाटतं, ती चेलागत पिसासारखी उडते?"

"मग त्या का सांगत नाहीत?"

"कारण त्यांना अक्कल आहे."

तिने साबणाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "मावशी, मला खरंच कळत नाहीये. मी आजारी नाही. झोपते, खाते. वेग तोच, तरी पाय दगडाचे होतात. वाटतं, थांबावं. रस्त्याच्या कडेला बसावं आणि कुणी उठवू नये. असं मला कधी वाटायचं नाही. तुला वाटायचं का कधी?"

मी मनात म्हटलं, पोरगी खचली. आणि खचलेल्या पोरीला ताळ्यावर आणायचं तर तिला दाखवून द्यावं लागतं की खोट तिच्या पायात नाही, डोक्यात आहे. मी ठरवलं, कोचच्या तासांखेरीज मी तिला रोज सिंगोरेच्या जंगलाकडे नेणार, घड्याळ माझ्या मनगटावर ठेवणार, तिला वेग सांगणार नाही, आणि परत आलो की आकडा विचारणार.

तेव्हा कोरडे आठवडे चालू होते. रेसच्या आधी कोच ते लावतोच. रात्रीच्या चहानंतर सकाळचं पळणं संपेपर्यंत तोंडात थेंब घ्यायचा नाही. पळताना तर नाहीच नाही. आल्यावर अर्धा कप चहा, आणि दिवसभरातही पाण्याच्या डब्याशी रेंगाळणारीला टोमणे. "नैरोबीच्या बाईसाहेब आल्या वाटतं!" कोच सांगायचा, त्याच्या वेळी तो गाईंमागे दिवसभर पळायचा, पाणी गाई प्यायच्या. अंगाला पाण्यावाचून राहायची सवय लावली की रेसमध्ये बाकीच्या मुली रस्त्याकडेच्या टेबलांवर बाटल्या शोधत बसतील आणि आमच्या मुली पुढे निघून जातील. सगळ्या मुली वाळून हलक्या झाल्या की तो खूश व्हायचा. फेब्रुवारी होता. डिसेंबरपासून पाऊस नव्हता, मुरमाच्या रस्त्यावर लाल धूळ घोट्यापर्यंत, आणि सकाळी नवाला ऊन नुसतं टोचायचं.

शुक्रवारी आणि शनिवारी मी तिला नेलं. वेग अगदी बेताचा ठेवला, गप्पा मारत पळता येईल असा. दोन्ही दिवस ती म्हणाली, सात. मी म्हटलं, "या वेगाला माझी आजी पळेल." तिच्या कानशिलावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती ती मी पाहिली. पाहिली आणि विसरले.

रविवारी कॅम्पला सुट्टी. चर्चमधून आम्ही दोघी परस्पर माझ्या बहिणीकडे गेलो. बहिणीचं घर म्हणजे चहाची किटली चुलीवरून उतरत नाही असं घर. येईल त्याच्याबरोबर प्यायचं, जाईल त्याच्याबरोबर प्यायचं. दुपारी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि रस्सा, त्यावर वाळवलेल्या दुधीत आंबवलेलं दूध, पुन्हा चहा. कोचचा डोळा नव्हता, जेरोतिच जनावरासारखी प्यायली. तिची आई म्हणाली, "अगं, तुम्हाला कॅम्पात कोंडून ठेवतात की काय?" सगळे हसलो. मीही हसले.

सोमवारी पहाटे तोच रस्ता. पोरगी माझ्या पुढे पुढे जायला लागली. मी दोनदा ओरडले, "हळू!" ती म्हणाली, "हळूच तर चाललेय." परत आलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ती फाटकाला लोंबकळत होती.

"किती?"

"चार." मग स्वतःच दचकली. "खरंच चार, मावशी. तुझ्यासाठी नाही म्हणत."

मी घड्याळ पाहिलं. शुक्रवारपेक्षा आम्ही वेगात पळालो होतो.

मंगळवारी पुन्हा कोरडं. आकडा आठ, आणि वेग माझ्या आजीचा. बुधवारी मी मुद्दाम केलं. आदल्या रात्री तिला माझ्या खोलीवर बोलावून पाणी पाजलं, पहाटे साखर-मिठाचा पातळ चहा दिला, जंगलाच्या वळणावर झुडपात बाटली ठेवली होती ती अर्धी पाजली. परतताना त्याच झुडपाशी विचारलं. आकडा चार. वेग सोमवारचा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनाही कळलं होतं आणि दोघींपैकी कुणालाच आनंद झाला नाही.

कारण मला तिथेच, त्या झुडपाशी, ते शहर आठवलं. कुठलं ते सांगत नाही. मोठी रेस होती, माझी पहिली आणि शेवटची. दर पाच किलोमीटरवर टेबल, टेबलावर माझ्या नावाची बाटली, तिला कोचच्या बायकोने लाल फीत बांधलेली, लांबून दिसावी म्हणून. मी एकाही बाटलीला हात लावला नाही. लावायची सवयच नव्हती. पळता पळता बाटली उचलायची कशी, गिळायचं कसं, हेसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं. तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी पुढच्या घोळक्यात होते. मग पाय जड झाले. वेग तोच, पण कुणीतरी पाठीवर पोतं टाकल्यासारखं. डोक्यात एकच, थांब, थांब, बस. बत्तिसाव्याला मी फुटपाथवर बसले. दुखापत नाही, ताप नाही, काही नाही. नुसती बसले. कोचने फोनवर एक वाक्य उच्चारलं: "काळीज नव्हतं तुझ्यात." आणि मी ते मानलं.

इतकी वर्षं मानलं! माझ्या नवऱ्याने, जोसफातने, कितीदा समजावलं, "अगं, होतं एखाद्याचं." मी त्याच्यावर खेकसायचे. मला ठाऊक होतं मी कोण आहे. तिसाव्या किलोमीटरला जिचं मन फितूर होतं ती बाई. म्हणून तर पुढे रेस मागितल्या नाहीत, नव्या पोरींना वेग धरून द्यायचं काम पत्करलं. आणि आता झुडपात अर्धी बाटली पाणी मला सांगत होतं की मन फितूर झालं नव्हतं. तहानलेलं शरीर होतं ते. घोड्याला तहान लागली की घोडा अडतो, त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. माझी आई दरीतून डोक्यावर ओझं घेऊन वर चढताना प्रत्येक वळणावर घोट घ्यायची, तिला कुणी भित्री म्हटलं नाही. बाजाराला न्यायच्या बकरीलासुद्धा आपण आधी पाणी पाजतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती बाटली फेकली ती पार झाडीत गेली, आणि जेरोतिचला ती शोधून आणावी लागली.

त्याच दुपारी कोचकडे गेले. तो व्हरांड्यात बसून भाजलेला मका खात होता.

"कोच, कोरडे आठवडे बंद करा."

"का? नैरोबीहून हुकूम आला?"

मी सगळं सांगितलं. रस्ता, वेग, आकडे. त्याने कणसावरचे दाणे संपेपर्यंत ऐकलं.

"ती पोरगी तुझी भाची," तो म्हणाला. "पाणी प्यायली की तुला खूश करायला चार म्हणते."

"मी तिला वेग सांगितलाच नव्हता! घड्याळ माझ्याकडे होतं."

"सलिना, मनाला भुलवायला काहीही पुरतं. कुणाला पाणी, कुणाला ताईत. मी मन घडवतो. सवय लावली की तहान लागत नाही."

"तहान लागली नाही म्हणजे पाणी लागत नाही का? तुमच्या पिकअपचा काटा मोडलाय ना डिझेलचा? मग डिझेल भरायचं थांबवा. काटा हलत नाही म्हणजे गाडीला भूक नाही!"

त्याला ते झोंबलं. कणीस कोंबड्यांकडे भिरकावून तो उठला. "माझ्या हाताखालून सात मुली बाहेर जाऊन जिंकून आल्या. कोरड्या. तुला मोजून किती पळता आलं ते आठवतंय मला. बत्तीस."

 त्याच्या त्या सात मुली मलाही ठाऊक होत्या. पण माझ्यासारख्या किती फुटपाथवर बसल्या त्यांची नावं तो कधी घेत नाही. जिंकलेल्या त्याच्या, बसलेल्या आपापल्या आईबापांच्या. हे मला फाटकाबाहेर आल्यावर सुचलं. 

संध्याकाळी जेरोतिचला खोलीवर बोलावलं. जोसफातही होता. तो मोटरसायकलवर सवाऱ्या नेतो, दरीचा रस्ता त्याला पाठ.

"शनिवारी हा उंबराच्या वळणावर थांबेल, पाणी घेऊन," मी म्हटलं. "तिथे पिकअप पुढे गेलेली असते. थांबायचं नाही, घ्यायचं आणि पळायचं. आणि वर गेल्यावर, ऐक नीट, वर गेल्यावर काहीही वाटलं तरी चार म्हणायचं."

"का? पाणी प्यायले तर खरंच कमी असेल ना?"

"असेल, नसेल. तुझा खरं बोलायचा हट्ट आता पुरे. तिकीट हातात पडू दे. तिकडे गेलीस की टेबलावरच्या सगळ्या बाटल्या पी, जिंकून ये, मग अंगणात उभी राहून बोल काय बोलायचंय ते. तेव्हा तो ऐकेल."

"सगळ्या असंच ठरवून गप्प बसल्या असतील," ती म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस. तांबाचला सासूचे दात मोजायचेत का?"

जोसफात हसला. ती हसली नाही. चटईची काडी उपसत म्हणाली, "बरं, मावशी."

शनिवारी उजाडता उजाडता पिकअपने आम्हाला दरीच्या तळाशी सोडलं. तिथली हवा पठारासारखी नसते, पहाटेसुद्धा अंगाला चिकटते. आम्ही सहाजणी. कोचने हॉर्न वाजवला आणि पिकअप पुढे काढली.

पहिला अर्धा रस्ता सगळ्या मिळून होतो. मग चेलागतने वेग वाढवला आणि जेरोतिच तिच्या खांद्याला चिकटून गेली. मी थोडी मागे, पण दोघी दिसत होत्या. ऊन डोंगरावरून उतरलं तसा रस्ता भट्टीसारखा तापला. जेरोतिचच्या पाठीवरचा घाम वाळत गेलेला मला दिसला. उंबर जवळ येत होता. मी मनात म्हणत होते, आता, आता मिळेल.

उंबराखाली पिकअप उभी होती.

कुणी सांगितलं, कसं कळलं, देव जाणे. जोसफात मोटरसायकलजवळ हात लांब करून काहीतरी बोलत होता आणि कोच त्याच्याकडे न बघता कॅन उपडा करत होता. पाणी मुरमावर पडत होतं आणि मुरूम ते पडताक्षणी गिळत होता. बाटल्याही. एकेक टोपण काढून. पोरी जवळ आल्या तेव्हा त्याने शेवटची बाटली उंच धरली, त्यांना दिसेल अशी, आणि ओतली. "जिला प्यायचंय तिने खाली वाकून चाटावं!" तो ओरडला. "आणि मग घरी जावं!"

जेरोतिचने मान वळवली नाही. तशीच पुढे गेली.

मी थांबले. कोणतीही पळणारी चढावर थांबत नाही, पण मी थांबले. "लाज नाही वाटत?" मी किंचाळले. "पाणी ओतता? फेब्रुवारीत? इथल्या बायका दोन-दोन कोस चालून पाणी आणतात आणि तुम्ही ते रस्त्यावर ओतता?"

"पळ, सलिना," कोच म्हणाला. "पुन्हा बसू नकोस म्हणजे झालं." आणि पिकअप सुरू करून पोरींच्या मागे गेला.

 जोसफातला भांडणं जमत नाहीत. त्याने जाकिटाची चेन उघडली आणि आत पोटाशी धरलेली एक बाटली काढून मला दिली. "ही त्याला दिसली नाही," म्हणाला. मी ती कमरेला खोचली आणि पळत सुटले. पण त्या दोघी पुढच्या वळणाआड गेल्या होत्या. मी आयुष्यात कधी चढावर इतकी जीव तोडून पळाले नव्हते आणि तरी त्यांना गाठू शकले नाही. एकदाच, दोन वळणं वर, जेरोतिच दिसली. ती सरळ रेषेत पळत नव्हती. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हेलपाटत होती, आणि तरी चेलागतच्या पुढे होती.

वर कड्याजवळ, जिथे दरी संपून गाव सुरू होतं, तिथे कोच मोबाईल घेऊन उभा होता, मॅनेजरला फोटो पाठवायला. मी पोचले तेव्हा दोघी आल्याला थोडाच वेळ झाला होता. जेरोतिच आधी पोचली होती. चेलागत गुडघ्यांवर हात ठेवून ओकत होती, पण पोटातून काहीच निघत नव्हतं. जेरोतिच ताठ उभी होती. भर उन्हात तिच्या दंडांवर काटा आला होता. ओठ पांढरे, आणि ओठांच्या कडांना चिकट फेस.

"चेलागत, किती?"

चेलागतने ओकारी आवरली, सरळ झाली. "चार."

"जेरोतिच?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कमरेला बाटली होती, तीही तिला दिसली. मी मान हलवली, म्हणजे नको, काहीही बोलू नकोस, आधी पी. तिला ते उलटं कळलं की बरोबर कळलं, मला आजही सांगता येत नाही.

"तीन," ती म्हणाली.

कोचने मांडीवर थाप मारली. "तीन! ऐकलंत? हीच ती, जी नऊ म्हणत होती! कुणी घडवलं हिला? पाण्याने घडवलं?" त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "तिकीट तुझं. आणि तीन असेल तर अजून खूप शिल्लक आहे. सोमवारपासून सगळ्यांचा वेग वाढवू."

चेलागतने डोळे मिटले. मागून येणाऱ्या पोरींना अजून काही कळलंच नव्हतं. त्यांना आता सोमवारी तीन म्हणावं लागणार होतं.

"खोटं आहे!" मी म्हटलं. "दहा आहे तिचं! डोळे उघडून बघा ना तिच्याकडे, उन्हात काटा आलाय पोरीला!"

"तिचं अंग, तिचा आकडा," कोच शांतपणे म्हणाला. "तुझ्या त्या मॅनेजरची हीच पद्धत ना, पळणारीलाच विचारायचं? विचारलं मी."

मी बाटली उपसली, टोपण काढलं, जेरोतिचच्या तोंडाशी धरली. "पी."

तिने कोपराने ती बाजूला केली. जोरात नाही. जेवण झालेला पाहुणा वाढणाऱ्याचा हात अडवतो तेवढीच. "नको, मावशी. तहान नाही."

"जेरोतिच! तिकीट मिळालंय ना तुला आता? पी!"

"मिळालंय ते तसंच राहू दे," ती माझ्या कानाशी म्हणाली. आवाज नुसता खरखरत होता. "तूच म्हणालीस ना?"

 मग मीच प्यायले. कोचच्या डोळ्यांत डोळे घालून, सगळ्यांसमोर, बाटली उलटी करून, हनुवटीवरून गळ्यावर ओघळ येईपर्यंत. इतक्या वर्षांत पळून आल्यावर अंगणात, रस्त्यात, कुठेही असं मी कधी प्यायले नव्हते. "दहा!" मी ओरडले. "माझं दहा! विचारलं नाहीत तरी सांगते. आणि त्या शहरातही दहा होतं!"

कोचने मोबाईल खिशात टाकला. "ऊन लागलंय हिला," तो म्हणाला.

माझ्या हाताला काहीतरी लागलं. चेलागत. तिने काही न बोलता बाटलीकडे हात केला होता. मी दिली. ती रस्त्यावर मांडी घालून बसली आणि लहान मुलासारखी दोन्ही हातांनी धरून प्यायली, आणि अर्धी झाल्यावर थांबून मागे आलेल्या मुलीकडे दिली. त्या मुलीने आधी कोचकडे पाहिलं, मग प्यायली.

जेरोतिच तोवर पिकअपमध्ये चढली होती. पुढच्या सीटवर, कोचच्या शेजारच्या, जिथे तिकीटवालीला बसवतात. काच वर केलेली होती. ती बाटलीकडेच बघत होती, या हातातून त्या हातात जाणाऱ्या. तिने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ ओले झाले नाहीत. मी धावत जाऊन काचेवर थापा मारल्या, हात लाल होईपर्यंत मारल्या, आणि तिने काच खाली केली नाही.